तलाव कुणाचा? प्रशासनाची फेररचना आणि चांदा मुलखातील सार्वजनिक मालमत्ता

सरकारची फेररचना झाली की सार्वजनिक मालमत्तेचा मालक बदलतो. राज्याची सीमा सरकते, एका जिल्ह्याचे दोन होतात, ग्रामपंचायतीची नगरपंचायत होते, एखाद्या खात्यातून महामंडळ निघते, आणि आदेशाच्या तारखेपासून तलाव, शाळा, रस्ता, दवाखाना, जंगल, गायरान यांच्यापुढे नव्या संस्थेचे नाव लागते. कागदावर हे एका दिवसात होते. पण मालमत्ता सांभाळायला नावाखेरीज तीन गोष्टी लागतात. ती कुठे आहे, केवढी आहे आणि तिच्यावर कुणाकुणाचे हक्क आहेत याची नोंद लागते. तिच्याकडे रोज लक्ष देणारा माणूस लागतो. आणि दुरुस्तीसाठी दरवर्षी येणारा पैसा लागतो. मालकीपाठोपाठ या तिन्ही गोष्टी नव्या धन्याकडे पोहोचल्या तर मालमत्ता टिकते. त्या वेगवेगळ्या ठिकाणी अडकून पडल्या तर ती सगळ्यांची असूनही बेवारस होते. जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीत, या दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी पाहायला मिळतात.

मूल हे गाव एका जागी राहून किती कारभारांखाली गेले ते पाहण्यासारखे आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर १८५४ मध्ये चांदा जिल्हा बनला. १८७४ साली त्यात मूल, वरोरा आणि ब्रह्मपुरी अशा तीन तहसिली होत्या. त्याच वर्षी अप्पर गोदावरी जिल्हा मोडला आणि त्याचे चार तालुके घेऊन सिरोंचा ही नवी तहसील जोडली गेली. १८९५ मध्ये तहसिलीचे मुख्यालय मूलहून चांद्याला हलले. १९०५ मध्ये ब्रह्मपुरी आणि चांदा तहसिलींतील जमीनदाऱ्या काढून गडचिरोली तहसील झाली; १९०७ मध्ये एक लहान जमीनदारी नव्या दुर्ग जिल्ह्याला आणि सिरोंच्याचा दक्षिणेकडचा सुमारे १,५६० चौरस किलोमीटरचा मुलूख मद्रासला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. १९५९ मध्ये राजुरा त्याला जोडला गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली वेगळा झाला. मधल्या काळात मूल पुन्हा तालुक्याचे ठिकाण बनले.

गावाजवळचे मूल-मारोडा रेल्वे स्टेशनही असेच हात बदलत आले. बंगाल नागपूर रेल्वेच्या गोंदिया–चांदा मार्गावरचे हे स्टेशन १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वेत आणि २००३ मध्ये बिलासपूर मुख्यालय असलेल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत गेले. रूळ, इमारती, नोकरवर्ग आणि हिशेबाच्या वह्या एकदम नव्या रेल्वेकडे गेल्या, म्हणून प्रवाशाला फरक जाणवला नाही. या मुलखातल्या बाकीच्या मालमत्तांच्या वाट्याला असे सुख क्वचितच आले.

राज्ये मोडून नवी जोडताना मालमत्तेची वाटणी कशी करायची याचे नियम कायद्यातच घालून दिलेले असतात. १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा आणि १९६० चा मुंबई पुनर्रचना कायदा यांचे सूत्र एकच आहे: जमीन, इमारती आणि सरकारी सामान ज्या राज्याच्या हद्दीत पडेल त्या राज्याचे, रोख शिल्लक, कर्जे आणि देणी यांची मात्र ठरावीक प्रमाणात विभागणी. २०१४ मध्ये आंध्र प्रदेशातून तेलंगणा वेगळे झाले तेव्हाही हाच मार्ग धरला गेला, आणि विभागणीसाठी लोकसंख्येचे ५८.३२ आणि ४१.६८ टक्के हे प्रमाण वापरले गेले. नियम सरळ आहे आणि बहुतेक ठिकाणी पुरतो. पण जी मालमत्ता सगळ्या राज्याच्या पैशाने एका ठिकाणी उभी राहिलेली असते तिथे तो तोकडा पडतो. राजधानीतल्या संस्था, विद्यापीठे, महामंडळांची मुख्यालये जागेवरच राहतात आणि ज्यांनी त्यांच्यासाठी कर भरला ते सीमेपलीकडे जातात. हैदराबादेतील संस्थांवरून दोन तेलुगू राज्यांत वर्षानुवर्षे चाललेला वाद याच कारणाने झाला.

सीमाच नक्की नसेल तर जागेवरून मालकी ठरवण्याचा नियम लागूच होत नाही. हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा तालुका १९५६ मध्ये आधी नांदेडला आणि तीन वर्षांनी चांद्याला जोडला गेला. त्याच भागातून पुढे झालेल्या जिवती तालुक्यात डोंगरावरच्या १४ गावांवर आंध्र प्रदेशाने, आणि नंतर तेलंगणाने, आपला हक्क सांगितला. या गावांत दोन्ही राज्यांच्या शाळा आहेत, लोकांकडे दोन्हीकडची रेशनकार्डे आहेत, मतदार याद्यांतही त्यांची नावे दोन्हीकडे आहेत. वरवर पाहता ही चैन वाटते. पण कसणाऱ्याला जमिनीचा पक्का कागद कोणत्या तहसिलीतून मिळणार, हा प्रश्न दोन शाळा असूनही सुटत नव्हता. मालमत्ता उभारायला दोन सरकारे पुढे येतात. हक्काची नोंद करायला एकाच सरकारचा अधिकार लागतो, आणि तो कुणाचा हेच ठरत नव्हते.

या सगळ्या फेररचनांपैकी लोकांच्या रोजच्या जगण्याला सर्वांत खोल जाऊन भिडलेली फेररचना मात्र सीमेची नव्हती. ती १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची गावावरची मालकी, संपली तेव्हा झाली, आणि तिचा परिणाम पूर्व विदर्भातल्या तलावांवर आजही दिसतो.

झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, धान पिकते ते तलावांच्या भरवशावर. पाऊस भरपूर असतो, पण भाताला नेमके लोंब्या भरायच्या वेळी पाणी लागते आणि तेव्हा तो हमखास दडी मारतो. म्हणून उताराला आडवी मातीची पाळ घालून पाणी अडवायचे, जादा पाण्याला सांडव्यातून वाट द्यायची आणि गरज पडेल तेव्हा पाळीतल्या दारातून नहरीने ते बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, सोडायचे, ही पद्धत गोंड राजांच्या काळापासून चालत आली. जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन बक्षीस द्यायची हे त्या राजांचे धोरण होते. अशा जमिनीला तुकूम म्हणत, आणि चंद्रपूर शहराच्या एका मोठ्या वस्तीचे तेच नाव आजही आहे. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. भोसले आणि इंग्रज यांच्या काळात हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले, आणि पुढे मालगुजारी गेल्यावर त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणू लागले. सरकारी टिपणापासून गावच्या बोलण्यापर्यंत त्यांचे नाव आता मामा तलाव असेच आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्यांचा काही भाग मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांतले तीन हजारांहून अधिक एकट्या चंद्रपूर आणि गडचिरोलीत आहेत.

मालगुजार तलाव सांभाळत होता ते केवळ धर्मकार्य म्हणून नव्हे. पाळ फुटली तर त्याच्या स्वतःच्या शेतातले धान जात होते आणि कुळांकडून येणारा सारा बुडत होता. पावसाळ्यापूर्वी गावकऱ्यांना बोलावून पाळीवर माती टाकून घेणे, दार तपासणे, सांडवा मोकळा करणे हे त्याच्या हिताचे काम होते. ते काम पुष्कळदा बेगारीने होई, म्हणजे राबणाऱ्याला मजुरी मिळेलच याची खात्री नसे, आणि पाण्याच्या पाळीत मालगुजाराच्या बांध्या आधी भिजत. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण तिच्यात नोंद, माणूस आणि खर्च एकाच ठिकाणी होते. कोणाच्या शेताला किती पाणी, तलावाची माती कोणी न्यायची, मासे कोणी धरायचे, गुरे कुठल्या बाजूने पाण्यावर यायची, हे वाजिब-उल-अर्ज या गावच्या दस्तऐवजात लिहिलेले असे. पाणी वाटणारा माणूस गाव नेमत असे.

मध्य प्रदेश सरकारच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे आणि जमीनदारांचे गावावरचे मालकी हक्क संपले. पडीक जमीन, जंगल, वाटा, बाजार, गावठाण आणि गावचे तलाव सरकारजमा झाले. मालगुजाराच्या स्वतःच्या कब्ज्यातील शेतांमधल्या विहिरी आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, तेवढ्या त्याच्याकडे राहिल्या. हा बदल न्याय्य होता आणि व्हायलाच हवा होता. तरीही तलावांच्या बाबतीत एक पोकळी उरली. हजारो तलाव एका दिवसात महसूल खात्याच्या नावावर आले, पण त्या खात्याकडे पाळ जोखणारा अभियंता नव्हता आणि तलावागणिक पैसा नव्हता. मालगुजाराने लक्ष काढून घेतले. गावकऱ्यांची समजूत अशी झाली की तलाव आता सरकारचा, तेव्हा त्याची डागडुजीही सरकारच करील. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने मात्र तो हजारो तलावांपैकी एक होता.

नवे खाते स्थिरावण्याआधीच राज्य बदलले आणि १९५६ मध्ये हे तलाव मुंबई राज्याचे झाले. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे आणि त्याहून मोठे राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे गेले. पुढे जलसंधारणाचे वेगळे खाते झाले, हेक्टरांच्या मर्यादा पुन्हा आखल्या गेल्या. २०१७ मध्ये मृद व जलसंधारण विभाग स्वतंत्र करून त्याचे आयुक्तालय औरंगाबादला वाल्मी संस्थेच्या आवारात उभारले आणि ६०० हेक्टरांपर्यंतच्या योजना त्याच्या कक्षेत आणल्या. लहान तलाव तरीही जिल्हा परिषदांकडेच राहिले. दर वेळी विभागणीचा निकष सिंचनक्षेत्राचा होता. कचेरीला तो सोयीचा आहे, पाण्याला नाही. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला भरतो, त्याचा पुढच्याला, अशी ही साखळी असते. तिच्यातला मधला तलाव मोठा म्हणून एका खात्याकडे आणि वरखालचे दोन लहान म्हणून दुसऱ्याकडे गेले, तर वरची पाळ फुटल्याने खालचा तलाव गाळाने भरला ही घटना कोणत्याच एका खात्याच्या नोंदीत पूर्ण दिसत नाही.

मूल किंवा सावली तालुक्यातला एखादा मध्यम मामा तलाव घेतला तर आजची गुंतागुंत स्पष्ट होते. पाळ, दार आणि नहर जिल्हा परिषदेची. मासेमारीचा ठेका ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे. संस्थेला मासे वाढवायला तलावात पाणी राहायला हवे, तर शेतकऱ्याला दिवाळीच्या आत ते धानाला हवे असते. हे भांडण मिटवणारा गावचा पाणीवाटप्या आता नाही. तलावाचे पोट, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन, तिथे अतिक्रमण झाले तर ते काढायचा अधिकार तहसीलदाराचा. पाणलोट वनखात्याचा किंवा वनविकास महामंडळाचा. तलाव वनजमिनीत पडत असेल तर दुरुस्तीआधी १९८० च्या वन संवर्धन कायद्याचा विचार करावा लागतो. पाळीवरून रस्ता गेला असेल तर त्याची खडी बांधकाम विभागाची. यांतले प्रत्येक खाते आपापल्या नियमाने बरोबर असते, आणि दरवर्षी थोडी थोडी माती निसटून पाळ बसत जाते.

हक्कांच्या नोंदीचे आणखी वेगळे झाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये विदर्भासाठी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोन्ही जुन्या दस्तऐवजांना जागा मिळाली. गावच्या मोकळ्या जमिनीवर चराई, सरपण, माती, दहनभूमी यांचे हक्क निस्तारपत्रकात यायचे. सिंचन, वहिवाट आणि मासेमारीच्या रूढी वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदायच्या. पण संहितेतली ही दुसरी तरतूद सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीत वा व्यवस्थापनात नसलेल्या जमिनी आणि पाण्यापुरतीच आहे. तलाव तर १९५१ पासून सरकारचेच होते. ज्या पाण्यावर गावाचे सर्वांत जुने हक्क होते, नेमके तेच नव्या वाजिब-उल-अर्जच्या कक्षेबाहेर पडले. पाणीपट्टीची मागणी आली की हे पाणी आम्हाला पूर्वापार मोफत आहे असे शेतकरी सांगतात, त्यामागे हा इतिहास आहे. जुना कागद त्यांच्या बाजूचा आहे आणि नवी वही जिल्हा परिषदेच्या बाजूची.

मोठ्या तलावांची वाट वेगळी. सावली तालुक्यातला आसोलामेंढा तलाव इंग्रजांच्या काळात, १९१८ च्या सुमारास, सिंचनासाठीच बांधला गेला. तो पहिल्यापासून सरकारी अभियंत्यांच्या हाती होता, म्हणून राज्ये बदलली तरी त्याची मोजमापे, नकाशे आणि नहरींचे वेळापत्रक एका पाटबंधारे खात्यातून दुसऱ्यात सलग जात राहिले. १९९७ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले आणि गोसीखुर्द प्रकल्पाचा उजवा कालवा आसोलामेंढ्याला जोडण्याची योजना त्याच्याकडे आली. वैनगंगेचे पाणी शंभर वर्षांच्या तलावात आणून पुढे मूल, सावली भागात खेळवायचे, ही कल्पना जुन्या मालमत्तेचा उत्तम उपयोग करणारी आहे. १९८८ मध्ये पायाभरणी झालेला आणि २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प ठरलेला गोसीखुर्द कित्येक वर्षे रेंगाळला ही गोष्ट निराळी. पण आसोलामेंढ्याची पाळ कुणाची, हे विचारायची वेळ कधी आली नाही.

तलावांइतकाच गुंता झुडपी जंगलाचा आहे, आणि तो एका जुन्या नोंदीतून निघाला आहे. मध्य प्रांतातील जमाबंदीच्या वेळी गावाच्या कडेची खुरट्या झाडाझुडपांची पडीक जमीन झुडपी जंगल म्हणून लिहिली गेली. ती राखीव वन नव्हती. गुरे चारायला, सरपणाला, मयताला, बाजाराला वापरायची ती गावची जागा होती. मालगुजारी गेल्यावर ती महसूल खात्याकडे आली आणि १९५६ नंतर मुंबई राज्यात, मग महाराष्ट्रात. या काळात तिच्यावर शाळा झाल्या, जिल्हा परिषदेच्या इमारती झाल्या, रस्ते, दवाखाने, स्मशाने, घरकुले झाली. मग १९८० चा वन संवर्धन कायदा आला, आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात सांगितले की सरकारी दप्तरी वन म्हणून नोंदलेली कोणतीही जमीन, मालक कोणीही असो, या कायद्याखाली येते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत वनासाठी अयोग्य ठरलेली सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जमीन त्यामुळे कात्रीत सापडली. शाळेला वर्गखोली वाढवायची तर केंद्राची परवानगी, आणि घरकुलाला पट्टा द्यायचा तर जमीन वनाची.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर निकाल दिला. झुडपी जंगल हे वनच मानले. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी नियमित करण्याची वाट मोकळी केली. म्हणजे आता प्रत्येक शाळेचा, प्रत्येक दवाखान्याचा वाटपाचा मूळ आदेश शोधून सादर करायला हवा. जुन्या इमारतींचे असे आदेश मिळणे सोपे नाही. कारण मधल्या काळात राज्य बदलले, जिल्हा फुटला, तालुके नवे झाले, आणि प्रत्येक टप्प्यावर बस्ते एका कचेरीतून दुसरीत हलले. फेररचनेत हरवलेला कागद सत्तर वर्षांनी शाळेच्या भिंतीवर कसा येऊन पडतो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

१९८२ च्या जिल्हा विभाजनाची गरज वादातीत होती. सिरोंच्याच्या माणसाला कलेक्टर कचेरीत यायला सुमारे दोनशे किलोमीटर पडत. वैनगंगा ही सोयीची नैसर्गिक सीमा मिळाली: मूलहून सावली, व्याहाड ओलांडून नदीवरचा पूल पार केला की गडचिरोली. पण एकत्र कुटुंबाच्या वाटणीत थोरल्याला बांधलेले घर आणि धाकट्याला मोकळी जागा मिळावी, तसे झाले. चांद्यात शंभर-सव्वाशे वर्षांत उभ्या राहिलेल्या कचेऱ्या, दवाखाना, विश्रामगृहे, गोदामे जागेच्या नियमाने चंद्रपूरची राहिली. गडचिरोलीच्या वाट्याला १४,४१२ चौरस किलोमीटर क्षेत्र आले, त्यातले तीन चतुर्थांश जंगल, आणि मुख्यालयाच्या इमारती नव्याने बांधायच्या होत्या. गडचिरोली शहरातला सरकारी कचेऱ्यांचा जो भाग आज सगळे कॉम्प्लेक्स म्हणून ओळखतात तो असा उभा राहिला. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला तेव्हा सरकारने सिडकोला जमीन दिली आणि त्या बदल्यात सिडकोने मुख्यालय बांधून दिले. मुंबईजवळच्या जमिनीला भाव असतो म्हणून तिथे हे जमले. गडचिरोलीत जमीन विकून इमारत उभारण्याचा मार्ग कुणापुढे नव्हता.

विद्यापीठाच्या विभाजनातही हेच दिसले. दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. महाविद्यालये आणि विद्यार्थी नव्या विद्यापीठाकडे आले. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि दशकांचा ठेवा नागपुरात राहिला. चंद्रपूरच्या सामान्य रुग्णालयाची कथा थोडी निराळी आहे. २०१५ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि सार्वजनिक आरोग्य विभागाने उभारलेले रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाच्या कामाला लागले. अशा वेळी छप्पर गळले तर दुरुस्तीचा प्रस्ताव कोणत्या विभागाच्या लेखाशीर्षाखाली पाठवायचा, हे आधी ठरवावे लागते.

गावपातळीवरची सर्वांत मोठी अलीकडची फेररचना म्हणजे तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती होणे. गेल्या दशकात सावली, पोंभुर्णा, गोंडपिपरी, सिंदेवाही ही गावे तशी बदलली. कायद्याने ग्रामपंचायतीची सगळी मालमत्ता आणि देणी नगरपंचायतीकडे जातात. ग्रामपंचायतीच्या नमुना २२ मधली स्थावर मालमत्ता, नमुना २३ मधले रस्ते, नमुना २४ मधल्या जमिनी हा हस्तांतराचा आधार. जे या वह्यांत लिहिलेले नाही, ते गाव वर्षानुवर्षे वापरत असले तरी नव्या मुख्याधिकाऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वात नसते. शाळांचे तर विशेषच आहे. जिल्हा परिषदेची शाळा गावाची नगरपंचायत झाल्यावरही सहसा जिल्हा परिषदेचीच राहते, पण तिथल्या पालकांचे जिल्हा परिषदेसाठीचे मतदान थांबते. शाळेच्या कौलांची तक्रार ज्या सदस्याकडे करायची तो आता त्यांनी निवडून दिलेला नसतो.

गडचिरोलीत याला आणखी धार आहे. धानोरा, एटापल्ली, भामरागड, कोरची ही अनुसूचित क्षेत्रातली गावे. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपज, लहान जलसाठे आणि जमीन यांबाबत अधिकार दिले. हा कायदा पंचायतींना लागू आहे, नगरपंचायतींना नाही. आणि अनुसूचित क्षेत्रातल्या नगरांसाठी संसदेने करायचा वेगळा कायदा अजून झालेला नाही. या गावांच्या २०१५ मध्ये नगरपंचायती झाल्या तेव्हा तिथली ग्रामसभा कायद्याच्या अर्थाने संपली आणि रोजगार हमीची कामेही बंद झाली, कारण ती ग्रामीण भागासाठी आहेत. पथदिवे आणि नाल्यांसाठी नवा निधी आला हे खरे. गावतलावावर ठराव करण्याचा अधिकार मात्र गेला. जंगलावर जगणाऱ्या वस्तीसाठी हा सौदा महागाचा आहे, आणि तो करताना लोकांना ही वजाबाकी पुरेशी समजावून सांगितली गेली नाही.

खात्यांतून कंपन्या काढताना सरकार किती काटेकोर असू शकते तेही याच जिल्ह्यात दिसते. ६ जून २००५ पासून महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या जागी सूत्रधारी कंपनीसह चार कंपन्या आल्या. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र महानिर्मितीला, उच्चदाबाच्या वाहिन्या महापारेषणला आणि गल्लीतले खांब, रोहित्रे, मीटर महावितरणला गेले. हस्तांतर योजनेत कोणती मालमत्ता, कोणते कर्ज, कोणता कर्मचारी कुठे जाणार हे ठरवलेले होते, कारण ताळेबंदात चूक झाली असती तर बँकांनी कर्ज दिले नसते. मामा तलावाला ताळेबंद नसतो आणि त्याच्यासाठी कोणी बँक अडून बसत नाही. तरीही ताळेबंदाबाहेरच्या गोष्टी इथेही राहिल्याच: वीज केंद्रासाठी बांधलेले इरई धरण कंपनीच्या ताब्यात आहे आणि चंद्रपूर शहर पिण्याच्या पाण्यासाठी त्याच धरणावर अवलंबून आहे. उन्हाळ्यात साठा घटला की वीज आणि पाणी यांचा तोल पुन्हा प्रशासनालाच सांभाळावा लागतो. जंगलात असाच प्रयोग आधी झाला होता. १९७४ मध्ये नागपूर मुख्यालयाचे महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन होऊन वनखात्याचे काही क्षेत्र त्याच्याकडे सागलागवडीसाठी आले. जमीन सरकारची, लाकूड महामंडळाचे आणि निस्तार गावाचा, असा तिहेरी संबंध तेव्हापासून आहे.

उलट्या दिशेची, म्हणजे सरकारकडून गावाकडे येणारी फेररचना २००६ च्या वनहक्क कायद्याने सुरू झाली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याचे क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर आहे. हक्क मिळाला तरी बांबू गावाबाहेर न्यायला लागणारा वाहतूक परवाना वनखात्याकडेच होता, त्यामुळे मालकी असून विक्री अडली. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा हस्तांतर खऱ्या अर्थाने पूर्ण झाले. पुढच्या वर्षीच्या सुधारित नियमांनी हा अधिकार देशभरच्या ग्रामसभांच्या समित्यांना मिळाला. २०१२ मध्येच गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला १,००६ हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. गावाने स्वतःचे नियम लिहिले, बांबूतोडणीचे हिशेब ग्रामसभेत वाचायला सुरुवात केली, आणि झाडाचे नुकसान होते म्हणून तेंदूपाने तोडणे बंद केले. नोंद, राखण आणि पैसा तिथे पुन्हा एका ठिकाणी आहेत. वनखात्याची कार्य आयोजना आणि ग्रामसभेचा व्यवस्थापन आराखडा यांचा मेळ घालायचा, असे नियमांत लिहिले आहे. तो मेळ बसेपर्यंत खात्याच्या नकाशात तेच जंगल कक्ष क्रमांकांनी ओळखले जाते आणि ग्रामसभेच्या आराखड्यात नाल्यांच्या, टेकड्यांच्या गावठी नावांनी.